ऑपरेशन ‘यशस्वी’, तरी शेजारच्या काकू कण्हतात; मग आईचा गुडघा बदलावा का?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत परत मांडते, कुठे चुकत असेन तर सांगा. आई ६८ वर्षांच्या, माशेलला राहतात. दोन्ही गुडघे झिजलेत, एक्सरेवर ‘ग्रेड चार’, म्हणजे झिजेची शेवटची पायरी, असं लिहून आलंय आणि सर्जन म्हणतात दोन्ही एकदम बदलू. शेजारच्या काकूंच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. डॉक्टरांच्या मते ते उत्तम झालंय, पण काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘उगाच केलं.’ उलट तुमच्या मामांचा खुबा बदलला आणि ते दीड महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरताना दिसले. आता आईंनी कोणाकडे बघून ठरवायचं? आणि करायचंच असेल तर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी उरकेल का?

मी सर्जन नाही. फोंड्यात २२ वर्षं फिजिओथेरपी करते. ऑपरेशन थिएटरात काय होतं त्यापेक्षा पुढचे सहा महिने घरात काय होतं ते मी जास्त पाहिलंय. शिवाय सर्जनला फक्त त्याचेच पेशंट परत भेटतात, माझ्याकडे सगळ्यांचे येतात. त्यातले दुखणारे जास्त येतात, कारण बरं वाटलेला माणूस कशाला येईल? तेव्हा माझ्या मतात तेवढा कल धरून चाला.

पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टर आणि काकू, दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. डॉक्टर सांध्याबद्दल बोलतायत: जखम भरली, जंतुसंसर्ग नाही, पाय सरळ झाला, एक्सरेत सांधा जागच्या जागी आहे. या हिशेबानं गुडघा बदलणं हे फार भरवशाचं ऑपरेशन आहे. परदेशांतल्या राष्ट्रीय नोंदवह्यांचा एकत्र हिशेब २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून होते. काकू मात्र स्वतःबद्दल बोलतायत, आणि तिथे आकडा वेगळा निघतो. थेट माणसांनाच ‘समाधानी आहात का?’ असं विचारलं तर साधारण पाचातला एक ‘पूर्ण नाही’ म्हणतो. हे देशोदेशीच्या पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे बऱ्याच लोकांच्या पायात टिकाऊ, नीट बसवलेला सांधा आहे आणि तरी ते खूश नाहीत. आई त्या पाचव्या होणार नाहीत, हे कसं बघायचं, असा मी तुमचा प्रश्न समजते.

माझ्याकडच्या दोन बायकांचं उदाहरण सांगते. एक सावईवेऱ्याच्या बाजूची, घराखाली उतारावर कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. तिला एवढंच हवं होतं की पाणी सोडायला खाली उतरावं आणि परत वर यावं. ऑपरेशननंतर तिचा गुडघा जेमतेम १०० अंश वाकायचा. माझ्या वहीत ती ‘मध्यम’ होती, पण ती स्वतः इतकी खूश की मला सुपाऱ्या आणून दिल्या. दुसरीचा गुडघा १२५ अंश वाकला. असा वाक मिळाला की आम्ही एकमेकांना दाखवतो! पण तिला आडोळीवर, म्हणजे जमिनीवरच्या विळीवर, बसून नारळ खवायचा होता, पाटावर बसून पूजा करायची होती. ते करू नका म्हटल्यावर ती माझ्यासमोर रडली. ‘हे मला आधी कोणीच का नाही सांगितलं?’ कदाचित सांगितलंही असेल, पण सही करायच्या गडबडीत ते कानावरून गेलं असेल.

म्हणून आईंना आज-उद्या निवांत विचारा: गुडघा बरा झाला तर पहिलं काय कराल? उत्तर ‘रात्री झोप लागेल’, ‘देवळापर्यंत चालत जाईन’, ‘कदंबाच्या बसची पायरी चढेन’ असं असेल तर हे ऑपरेशन ते बहुतेक देऊ शकतं. जिने चढायला आणि खुर्चीतून उठायला साधारण ९० ते १०५ अंश वाक पुरतो. पण उत्तर ‘खाली बसून पूर्वीसारखं काम करीन’ असं आलं तर थांबा. मांडी घालून, उकिडवं बसून किंवा गुडघा टेकून काम करणं बदललेल्या गुडघ्याला मानवत नाही. काही जण बसतातही, पण मी कोणाला तसं वचन देत नाही. ऑपरेशनच्या निकालासाठी जी १२ प्रश्नांची ऑक्सफर्डची प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्यातही गुडघा टेकून परत उठता येतं का, असा एक प्रश्न आहे. इतर प्रश्नांवर छान गुण मिळवणारे लोक तिथे अडखळतात.

लहानसहान गोष्टीही आधीच सांगून ठेवा. चिरेच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर राहतो, कारण तिथली त्वचेची बारीक नस कापली जाते. चालताना कधीकधी कटकट आवाज येतो. गुडघा काही महिने गरम आणि थोडा सुजलेला राहतो. हे बिघाड नाहीत. माहीत नसलेला माणूस मात्र त्यावरून वर्षभर घाबरून राहतो.

आता ‘ग्रेड चार’बद्दल. तो एक्सरेचा ग्रेड आहे, आईंच्या दुखण्याचा नव्हे. पूर्ण घासलेला गुडघा घेऊन बाजारहाट करणाऱ्या बायका मी रोज बघते. तरी एक्सरेला महत्त्व आहे, तेही जरा उलट्या बाजूनं. ज्यांचा गुडघा फारसा झिजलेला नसतानाच बदलला जातो त्यांच्यात नाराजी जास्त आढळते. त्यामुळे आईंचा ग्रेड चार ही ऑपरेशनच्या बाजूनं जाणारी गोष्ट. फक्त तो एक्सरे उभं राहून काढलेला आहे ना, ते बघा. झोपवून काढला तर हाडांमधली फट खोटी दिसते.

दुखणं खरंच गुडघ्याचं आहे का, हेही तपासायला हवं. तीनेक वर्षांपूर्वी एक गृहस्थ गुडघ्याच्या व्यायामासाठी आले. एक्सरेत झीज होती, ऑपरेशनची तारीखही ठरली होती. मी त्यांना पाठीवर झोपवून पाय नुसता आत-बाहेर फिरवला तर ते ओरडले. दुखणं खुब्याचं होतं आणि ते गुडघ्यात उतरत होतं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं हे आमच्या धंद्यात जुनंच आहे, पण घाईत निसटतं. आईंना पायाची नखं कापताना त्रास होतो का? जांघेत दुखतं का? कमरेतून निघून पोटरीपर्यंत कळ जाते का, मुंग्या येतात का? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर आधी खुबा आणि कंबर तपासून घ्या. कमरेतून येणारी कळ गुडघा बदलून जाणार नाही.

आणखी एक. सकाळी उठल्यावर आईंची बोटं, मनगटं तासभर आखडलेली असतात का, सुजतात का? तसं असेल तर ही नुसती झीज नसून आमवात असू शकतो. त्याचा डॉक्टर वेगळा, गोळ्या वेगळ्या. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं वेळेत सुरू झाली तर सांधे वाचतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतल्यानं जिवावर बेतल्याच्या घटना घडल्यात, म्हणून मी ती पाकिटावर वार लिहून ठेवायला लावते.

ऑपरेशनशिवाय काही होतं का? होतं, पण मर्यादेत. डेन्मार्कमध्ये ऑपरेशनला योग्य ठरलेल्या १०० जणांवर एक चांगला अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना गुडघा बदलून वर १२ आठवडे व्यायाम, आहार, बुटातली पट्टी, औषधं असा सगळा कार्यक्रम दिला. उरलेल्यांना ऑपरेशन सोडून बाकी सगळं. वर्षानंतर दुखणं आणि हालचाल मोजणाऱ्या शंभराच्या मापावर पहिल्या गटाची सुधारणा सुमारे ३२ गुणांची, दुसऱ्याची १६ गुणांची. म्हणजे ऑपरेशनचा फायदा दुप्पट. पण दुसऱ्या गटातल्या चारांतल्या तिघांना त्या वर्षात ऑपरेशनची गरज वाटली नाही, आणि गंभीर त्रास पहिल्या गटात जास्त झाले. मी हा अभ्यास असा वाचते: व्यायाम हा ऑपरेशनच्या बरोबरीचा नाही, पण तो नीट न करताच टेबलावर जाणं म्हणजे फुकट मिळणारा अर्धा फायदा सोडून देणं.

‘नीट’वर माझा जोर आहे. व्यायाम केला म्हणणाऱ्या दहांतले सात जण कागद फ्रिजला चिकटवून ठेवतात, हा माझा अंदाज. आईंनी आठवड्यातून तीन-चार दिवस, १२ आठवडे, मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू थकेपर्यंत काम करायला हवं: हात न लावता खुर्चीतून उठणं, कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार, पाय सरळ उचलून धरणं. वजन जास्त असेल तर तेही. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. हे सगळं करूनही रात्री झोप मोडते आणि घरातल्या घरात चालणं अवघड आहे, अशी स्थिती असेल तर मग उगाच टाळू नका. वर्षानुवर्षं ओढत आणलेला गुडघा वाकडा होऊन आखडतो, मांडी बारीक होते, आणि आधी जेवढं कमी चालता येत होतं त्या मानानं नंतरचं चालणंही कमी राहतं.

इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, लग्नकार्य निभावायला ठीक. वारंवार घेऊ नये, आणि गुडघा बदलायच्या आधीच्या तीन महिन्यांत तर नकोच, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्वतःच्या रक्तातून काढतात त्या पीआरपीची सध्या चलती आहे. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या २८८ जणांच्या चाचणीत ती नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरली नाही, आणि त्या लोकांची झीज आईंपेक्षा कमी होती. दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याचंही तेच. अमेरिकेत २००२ साली खोटी चीर देऊन तुलना केली तेव्हा खऱ्या-खोट्यात फरक निघाला नाही. ग्रेड चारला यावर पैसे घालवू नका.

मामांची गोष्ट वेगळी आहे, तो खुबा आहे. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत गोळा. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी त्याची रचना बसवली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. खुबा बदललेली माणसं लवकर चालतात, पुष्कळांना वर्षभरात आपल्या आत काही बसवलंय याचा विसरच पडतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खुबा बदललेल्यांची सुधारणा नुसता व्यायाम करणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त होती. गुडघा नुसता वाकत नाही, वाकताना थोडा घसरतो, थोडा फिरतो, गुडघ्यावरची वाटीही त्याच्याबरोबर सरकते. हे सगळं धातू-प्लास्टिकला हुबेहूब जमत नाही. गुडघ्याला सावरायला तीन महिने, पूर्ण निकाल कळायला वर्ष. मामांच्या कॅलेंडरनं आईंना मोजलंत तर दुसऱ्याच महिन्यात घरात भांडणं होतील. (मामा तरुण आहेत का, आणि खुब्याचं हाड सुकलं होतं का? आपल्याकडे दारू आणि स्टेरॉइड ही त्याची ठरलेली कारणं आहेत. तसं असेल तर दुसऱ्या खुब्यावरही लक्ष ठेवा.)

दोन्ही गुडघे एकदम करावेत का, हे आईंच्या प्रकृतीवर आहे आणि इथून मी सांगू शकत नाही. एकदम केल्यानं भूल एकदाच, सुट्टी एकदाच, आणि दोन्ही पाय वाकडे असतील तर सावरताना सोपंही पडतं. पण हृदय आणि फुप्फुसांवरचा ताण जास्त, रक्त चढवावं लागण्याची शक्यता जास्त. हृदयविकार असेल, दम लागत असेल, वजन फार असेल तर मी एकेक करायला सुचवीन, मध्ये तीनेक महिने ठेवून. मधुमेहाचं तर तुम्ही लिहिलंच नाही! तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी साडेसात-आठच्या खाली आल्याशिवाय तारीख घेऊ नका. दातांचं काही काम राहिलं असेल तर तेही आधी. बदललेल्या सांध्यात जंतू शिरण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनच, पण ज्याच्या वाट्याला येतं त्याचं वर्ष जातं.

वयाची बाजू आईंच्या सोयीची आहे. सत्तरीनंतर बदललेला गुडघा हयातीत पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. पन्नाशीच्या सुरुवातीला ऑपरेशन करणाऱ्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. इंग्लंडच्या नोंदींवरचा २०१७ सालचा हा हिशेब आहे.

पैशांचं: केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर ठरले. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा. बांबोळीच्या सरकारी गोमेकॉतही (गोवा मेडिकल कॉलेज) ही ऑपरेशनं होतात. खासगीत जाणार असाल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर काय बसतं ते दाखल होण्याआधी लेखी विचारा, नंतर नव्हे. ‘रोबोट’साठी वेगळे पैसे मागत असतील तर एवढं लक्षात घ्या की त्यानं हाड मोजून-मापून कापलं जातं, पण काही वर्षांनंतर माणूस जास्त खूश असतो असं ठामपणे दिसलेलं नाही. मी त्यापेक्षा सर्जनला विचारीन, ‘वर्षाला किती गुडघे करता?’

ऑपरेशननंतरच्या माझ्या कामातली एकच गोष्ट इथे सांगते, कारण ती घरीच बिघडते. गुडघ्याखाली उशी ठेवू नका. तिथे उशी ठेवली की बरं वाटतं, म्हणून माया करणारी मुलं नेमकी तीच ठेवतात. त्यानं गुडघा थोडा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग माणूस आयुष्यभर लंगडतो. उशी टाचेखाली हवी, म्हणजे गुडघा आपल्या वजनानं सरळ होतो. सगळे वाकण्याच्या मागे लागतात, पण चालणं सरळ होण्यावर ठरतं. आणि व्यायामाच्या अर्धा तास आधी वेदनेची गोळी घ्यावी. सोसत राहण्यात मोठेपणा नाही, दुखतं म्हणून व्यायाम टळतो.

आता काकू. त्यांना ‘मनाचं आहे’ म्हणून सोडू नका. आठ महिन्यांनी दुखतंय तर कारण शोधायला हवं: रक्ताच्या दोन तपासण्या, गरज पडल्यास सांध्यातलं पाणी काढून तपासणं, नवा एक्सरे, खुबा, कंबर. मधल्या काळात कोणी नुसत्या अंदाजानं अँटिबायोटिक दिलं तर घेऊ नये. आधी पाणी तपासायचं, नाहीतर जंतू दबतात आणि सापडत नाहीत. पाय सरळ होत नसेल तर ते मी हात लावल्याशिवाय सांगू शकत नाही, एकदा कोणत्याही फिजिओकडे दाखवा. आणि कारण सापडल्याशिवाय दुसरं ऑपरेशन अजिबात नको.

राहिली चवथ. तुम्ही मे महिन्यात विचारताय. वर सांगितलेला १२ आठवड्यांचा व्यायाम आईंनी आजवर केलेला नसेल तर मी चवथ होऊ देईन आणि नंतर ठरवीन. केला असेल, साखर ठीक असेल आणि जूनच्या सुरुवातीला तारीख मिळत असेल तर चवथीपर्यंत तीन महिने होतात, एका गुडघ्याला पुरेत. पावसात जखम भरत नाही म्हणतात ते खरं नाही. भीती अंगणाची आहे. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या महिन्यात तिथे पडलेली एक बाई मी पाहिलीय. चालणं घरातल्या घरात ठेवा, न्हाणीत धरायला दांडी बसवा. चवथीला आई आरतीला उभ्या राहतील, गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधताना सूचनाही देतील, फुगडीला बाजूला बसतील. नेवऱ्या टेबलाशी बसून करता येतात. खुर्ची हातांची, लाकडी, गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडी उंच बघा. प्लास्टिकची नको, उठताना ती मागे सरकते.